वासाच्या पेटीवरच्या बाई

बाईंच्या घरात सोळा वर्षं सुगंधी साबण आला नाही. पावडर नाही, अत्तर नाही, वासाचं तेल नाही. कांदा चिरायचा तर नवऱ्याने, तोही गॅलरीत बसून. नवरा शिंपी, घरातच मशीन टाकून बसायचा. एकदा न्हाव्याने दाढी झाल्यावर त्याच्या गालाला काहीतरी वासाचं थापलं. नेमका मंगळवार होता आणि बुधवारी बाईंची पेटीवरची पाळी. बाईंनी त्याला उंबऱ्यातूनच परत फिरवलं, खाली नळावर तोंड धुवायला. शेजाऱ्याने विचारलं, काय हो, आज काय झालं? तो म्हणाला, काही नाही, उद्या हिची परीक्षा आहे, नापास झाली तर गाव उडेल.

गाव उडेल हे तो गमतीने म्हणायचा, पण ती अगदीच थाप नव्हती. बाई गॅस कंपनीत वास घ्यायच्या कामावर होत्या. एक बुधवार सोडून एक बुधवार कंपनीने गावाला सोडलेला गॅस नाकाने तपासायचा आणि तो पुरेसा घाण आहे अशी सही करायची, हे त्यांचं काम. कंपनीला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात सगळ्या अध्यक्षांचे फोटो आहेत, किती मैल पाईप टाकला त्याचे आकडे आहेत, फीत कापतानाचा एक फोटो तर चुकून दोनदा आहे. त्या पाईपातून जे वाहत होतं ते माणसाला झोपेत मारणार नाही, याची खातरी कोणाचं नाक करत होतं, हे छापायला मात्र एक ओळ उरली नाही. तेव्हा ते इथे सांगायला हवं.

कंपनीचा जन्म दगडी कोळशातला. कालव्याच्या काठाला भट्ट्यांची रांग होती. बंद भट्टीत कोळसा भाजायचा, निघालेला गॅस पाण्याने धुवायचा, टाकीत भरायचा आणि पाईपने घरोघर सोडायचा. टाकी म्हणजे पाण्याच्या हौदात पालथा घातलेला लोखंडी डबा, फक्त चार मजली. गॅस भरला की डबा वर चढायचा, गाव स्वयंपाकाला लागलं की हळूहळू खाली बसायचा. घरात घड्याळ नसलं तरी खिडकीतून टाकीकडे बघून जेवणाची वेळ कळायची. टाकी फारच खाली गेली की बायका म्हणायच्या, आज कोणाकडे तरी पाहुणे उतरलेत.

बाईंचे वडील भट्टीवर होते. फावड्याने कोळसा आत, भाजून उरलेला कोक सळईने बाहेर, असं त्यांचं अख्खं आयुष्य. डांबराच्या वाफेने त्यांचं नाक चाळिशीच्या आतच गेलं. जेवायला बसले की ते मुलीला विचारायचे, काय शिजलंय गं आज? आणि नुसतं नाव सांगून भागायचं नाही. थोडं खाली लागलंय का, तिखट किती आहे, दूध कालचं आहे की आजचं, सगळं सांगायला लागायचं. मग डोळे मिटून ते घास घ्यायचे. बापाला वास सांगता सांगता त्या मुलीचं नाक तयार झालं. दुसऱ्या घरच्या मुली गाणं शिकतात, ही हे शिकली.

ती एकोणीस वर्षांची झाली तेव्हा भट्ट्या विझल्या. शेकडो मैलांवर जमिनीच्या पोटात सापडलेला गॅस आता लांबलचक पाईपने गावात येणार होता. नव्या गॅसची ज्योत वेगळी, त्याला लागणारं भोक वेगळं, म्हणजे गावातल्या झाडून सगळ्या शेगड्यांचं तोंड बदलायचं होतं. चौदा महिने ते काम चाललं. सकाळी एका गल्लीचा जुना गॅस बंद करायचा, दिवसभरात प्रत्येक घरातले बर्नर बदलायचे आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी नवा गॅस पेटवून द्यायचा. अनोळखी फिटर स्वयंपाकघरात घुसलेला बायकांना चालेना, म्हणून कंपनीने दहाबारा मुली नोकरीला लावल्या. त्यांनी आधी जाऊन समजावायचं, मग फिटरने पाना चालवायचा. बाई त्यातल्या एक.

त्यांच्या जोडीला असायचे पानामामा. ते त्यांच्या वडिलांच्या ओळखीतले. मागच्या खिशातला पाना ते कधी काढून ठेवायचे नाहीत. लग्नातही तो खिशात होता, असं लोक म्हणायचे आणि मामा त्यावर हो पण म्हणायचे नाहीत, नाही पण म्हणायचे नाहीत. एका म्हातारीने जुनी शेगडी सोडायला साफ नकार दिला. चाळीस वर्षं मी हिच्यावर रांधलं, हिला तुम्ही हात लावायचा नाही. मामांनी हुज्जत घातली नाही. तिथेच मांडी घालून बसले, चहा मागितला, शेगडीचं कौतुक केलं आणि बोलता बोलता तिचे चारही बर्नर बदलून मोकळे झाले. म्हातारी चहा घेऊन आली तेव्हा निळी ज्योत पेटली होती. गावातला प्रत्येक ओटा, प्रत्येक खिडकी, कोणाच्या भिंतीला ओल आहे आणि कोणाच्या घरात बोलणं बंद आहे, हे सगळं बाईंनी त्या चौदा महिन्यांत पाहिलं. पुढे कितीतरी वर्षं रस्त्याने चालताना त्यांना घरं आठवायची ती दारावरच्या पाटीने नाही, शेगडीने.

नव्या गॅसमध्ये एक खोट होती. त्याला वास नव्हता. कोळशाचा गॅस जन्मानेच घाणेरडा, कुठे जरा गळला की अख्खी आळी नाक धरून बाहेर यायची. हा नवा अगदी सोज्वळ. खोलीभर साचेल, पण कळू देणार नाही. म्हणून लांबून आलेला पाईप जिथे गावात शिरतो त्या गेट स्टेशनवर त्यात एक उग्र द्रव थेंबाथेंबाने मिसळायचे. कागदावर त्याचं नाव जिभेला गाठ पडेल असं होतं. कामगार त्याला नुसता 'दर्प' म्हणत. सडका कोबी, आणि त्यात कोणीतरी रबर जाळलेलं, असा त्याचा वास. हवेत शंभरात एक भाग गॅस मिसळला तरी रस्त्यावरून आलेल्या साध्या माणसाला तो कळला पाहिजे, असा नियम होता. नियम झाला, पण कळतंय की नाही हे बघणार कोण? काटे सगळे दाबाचे. वासाचा काटा तेव्हा निघाला नव्हता. त्याला नाकच हवं होतं.

नाकं निवडायला कंपनीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं बसवली होती. समोर साहेब बाटल्यांची पेटी ठेवून नियम वाचत होते. मागच्या रांगेतून बाई उठल्या आणि म्हणाल्या, डावीकडून तिसऱ्या बाटलीचं बूच नीट बसलेलं नाही. साहेबांनी बूच दाबून पाहिलं. निवड तिथेच झाली.

चार जण घेतले. एक ड्रायव्हर, एक टेलिफोनवाली, एक स्टोअरकीपर आणि बाई. गेट स्टेशनच्या मागे एक छोटी खोली होती, पांढऱ्या चुन्याची, आत फक्त टेबल, खुर्ची आणि वासाची पेटी. पेटीत पंखा, वर नाकासाठी नरसाळं, बाजूला पितळी व्हॉल्व्ह. साहेब व्हॉल्व्ह हळूहळू उघडत जायचे, काटा त्यांच्याकडे. नाक लावणाऱ्याला तो दिसायचा नाही. पहिल्यांदा काहीतरी जाणवलं की म्हणायचं 'आलं'. खातरी झाली की म्हणायचं 'पक्कं'. साहेब दोन्ही आकडे रजिस्टरात लिहायचे, खाली सही. बुधवारी सकाळी चौघं रिकाम्या पोटी, बिनसाबणाची अंघोळ करून बाकावर बसायची आणि एकमेकांची टर उडवायची. स्टोअरकीपरने चोरून विडी ओढली की बाई त्याच्याकडे न बघता सांगायच्या, रस्त्यात दोन ओढल्यास, तिसरी जिन्यात विझवलीस. तो बिचारा हात जोडायचा. काम झालं की चौघं मिळून चहा प्यायची. बाई नंतर कधीही बोलल्या तर त्या चहाबद्दल बोलायच्या. सकाळभर नाक राखून ठेवलेल्या माणसाला पहिल्या घोटाचा जो वास येतो, तसा वास जगात कोणाला येत नाही म्हणायच्या.

मग एकेक गळाला. ड्रायव्हरची बदली झाली, स्टोअरकीपर निवृत्त झाला. टेलिफोनवालीचं वेगळंच झालं. तिला फुलं कळायची, साबण कळायचा, फक्त दर्प कळेनासा झाला. तोच एक वास हुंगून हुंगून नाक त्याच्यापुरतं बहिरं झालं होतं. एका बुधवारी व्हॉल्व्ह अर्धा उघडला तरी ती नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती परत टेलिफोनवर. हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते त्यांच्या मनातून गेलं नाही.

सोळाव्या वर्षी पेटीवर बाई एकट्या उरल्या होत्या. वास मोजायचं मशीन येणार अशी कुजबुज होती. साहेब लोक कॅटलॉग चाळत होते. मशीनला सर्दी होत नाही, असं एक जण बाईंच्या देखत बोलला आणि बाईंना ते झोंबलं. सोळा वर्षांत त्यांनी सर्दीची रजा घेतली नव्हती. आणि नेमकी त्याच महिन्यात त्यांना सर्दी झाली. साधी नाही, डोकं भरून टाकणारी. नियम असा की सर्दी असेल तर कळवायचं, पेटीला नाक लावायचं नाही. बाईंनी कळवलं नाही. तोंड धुऊन, डोळे पुसून जाऊन बसल्या. पंखा फिरला, साहेबांनी व्हॉल्व्ह उघडायला घेतला. बाईंना काहीही आलं नाही. पण तो पितळी दांडा दुसऱ्या फेऱ्याच्या मध्यावर किंचित कुरकुरायचा, आणि सोळा वर्षांत वास नेहमी त्याच कुरकुरीच्या पाठोपाठ यायचा. कुरकुर ऐकू आली. बाई म्हणाल्या, आलं. मग मनात चार मोजले आणि म्हणाल्या, पक्कं. आकडे नेहमीसारखेच पडले. सही केली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, आज जरा डोकं दुखतंय.

त्याच आठवड्यात गावाच्या टोकाला नव्या वसाहतीत गॅस सोडला होता. जुन्या वीटभट्टीच्या माळावर सात इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि तिथपर्यंत सहा किलोमीटर नवाकोरा लोखंडी पाईप टाकला होता. शेवटच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बाईंच्या धाकट्या बहिणीला घर मिळालं. रविवारी दुपारी बाई घर बघायला गेल्या. सर्दी तोवर उतरली होती. जिन्यात रंगाचा वास आला, लाकडाचा आला, कोणाकडे तरी भात लागला होता तोही आला. बाईंना बरं वाटलं.

धाकटी बडबड करत ओट्यापाशी उभी होती. तिने गॅसचं बटण फिरवलं आणि काडेपेटी शोधायला लागली. काडेपेटी सापडेना. बाई शेजारीच टेकून उभ्या होत्या. त्यांना बारीक सूंऽ असा आवाज ऐकू येत होता. आवाज येत होता आणि वास येत नव्हता. त्यांनी नाक बर्नरवर नेलं. काही नाही. जणू नळातून हवा येतेय. त्यांनी बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि तिथल्या स्टुलावर बसल्या.

धाकटी म्हणाली, काय गं ताई, चक्कर आली का? बाईंनी विचारलं, तुला वास आला? ती म्हणाली, मला कसला येतोय, रंगाच्या धुळीने आठ दिवस माझं नाक चोंदलंय.

बाईंना टेलिफोनवाली आठवली. साबण कळतो, भात कळतो, दर्प कळत नाही. आपलं संपलं. वडिलांचं चाळिशीच्या आत गेलं, आपलंही तसंच. पहिला विचार हा आला, आणि दुसरा त्याहून वाईट होता. कोणाला कळणार आहे? व्हॉल्व्ह कुरकुरतो तोवर आपण पेटीवर आहोत. मशीन येईपर्यंत निभेल. मग एकदम त्यांना वाटलं, आणि आपलं नाक ठीक असेल तर?

त्या उठल्या आणि शेजारचं दार वाजवलं. गॅस कंपनीकडून आलेय म्हणाल्या. खिडक्या उघडायला लावून एका क्षणापुरतं बटण फिरवायला सांगितलं, वास येतो का विचारलं. त्या घरातला म्हातारा म्हणाला, छे छे, अजिबात नाही, फार सभ्य गॅस आहे तुमचा. दुसऱ्या मजल्यावर दोन पोरांची आई म्हणाली, आमच्या जुन्या घरी काय घाण यायची हो मावशी, इथे बघा, कसा स्वच्छ. तळमजल्यावरच्या काकूंनी तर कंपनीला आभाराचं पत्र लिहायचं ठरवलं होतं. बाई जिना उतरत गेल्या तसतसा त्यांच्या छातीवरचा एक दगड उतरत गेला आणि दुसरा चढत गेला. नाक शाबूत होतं. पण सात इमारती, दोनशेच्या वर घरं, आणि कोणाकडे बटण अर्धवट राहिलं तरी सांगणारं कोणी नाही.

रविवारी कंपनीत कंट्रोल रूमचे साहेब आणि ड्यूटीवरचे पानामामा एवढेच होते. मामांना निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. बाईंनी सांगितलं, वसाहतीचा गॅस बंद करा, त्याला वास नाही. साहेबांनी शांतपणे रजिस्टर पुढे ओढलं, बोट ठेवलं. बुधवारी गेट स्टेशनवर वास व्यवस्थित. दोनशे घरांचा स्वयंपाक एका पाहुण्या बाईच्या सांगण्यावरून थांबवायचा, तर उद्या मोठे साहेब मला विचारतील. सही कोणाची आहे ही?

बाईंनी वाकून सही पाहिली. मग म्हणाल्या, "माझी आहे. खोटी आहे. मला सर्दी होती, मी अंदाजाने बोलले."

मामा आतापर्यंत दारात उभे होते. ते पुढे आले आणि टेबलावरची जीपची किल्ली उचलून म्हणाले, चला साहेब, भांडायचं ते गाडीत भांडू. आधी वसाहतीचा व्हॉल्व्ह फिरवतो. साहेबांनी फोनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि उठले.

व्हॉल्व्ह बंद झाला. तिघं आधी गेट स्टेशनला गेले. साहेबांनी दांडा फिरवायला घेतला. बाईंनी या वेळी दोन्ही कानांत बोटं घातली आणि नाक नरसाळ्यावर टेकवलं. दर्प असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सडका कोबी, जळलेलं रबर, सोळा वर्षांचा सोबती. त्या रडायला लागल्या ते वासाने की कशाने, हे साहेबांना कळलं नाही. मामांना कळलं, ते दुसरीकडे बघत राहिले.

गेटवर वास भरपूर. पेटी जीपमध्ये टाकून तिघं पुढे निघाले. कालव्याच्या पुलापाशी, जिथे नवा पाईप जुन्याला जोडला होता, तिथेही ठीक. नव्या पाईपवर दोन किलोमीटर पुढे, फिका. वसाहतीच्या तोंडाशी, शून्य. साहेब कपाळाला आठ्या घालून उभे. मामा खाली बसले आणि जमिनीवर हात ठेवला, जणू खालचा पाईप त्यांना दिसत होता.

"पितोय," ते म्हणाले. "नवं मडकं आधी पाणी पितं ना, तसा नवा लोखंडी पाईप वास पितो. पोट भरेपर्यंत पुढे जाऊ देत नाही."

हा नवा गॅस पहिल्यांदा गावात आला तेव्हाही हेच झालं होतं. वीस दिवस दुप्पट तिप्पट दर्प ओतला, तेव्हा कुठे शेवटच्या घराला वास लागला. ते काम केलेले सहा जण होते. पाच निवृत्त झाले, सहावे मामा. साहेबांनी विचारलं, मग हे कुठे लिहून का ठेवलं नाही? मामा म्हणाले, आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि ज्यांना लिहिता येत होतं ते ऑफिसात होते. गुळगुळीत पुस्तकवाल्यांनी या वाक्यावर एक पान खर्च केलं असतं तर बरं झालं असतं.

परत येताना साहेब खुलले होते. मोठी भानगड टळली होती, आणि टाळणाऱ्यांत त्यांचं नाव येणार होतं. ते बाईंना म्हणाले, अहो, म्हणजे बुधवारी गेटवर वास होताच की. तुमची नोंद बरोबरच निघाली. मघाचं तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं नाही, मामांनीही ऐकलं नाही. विषय संपला. मामांनी मान हलवली. ते बाईंच्या वडिलांना ओळखत होते, आणि ही पोरगी पेटीवरून उतरावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

सुटका समोर ताटात वाढून ठेवली होती. कंट्रोल रूममध्ये आल्यावर बाईंनी रजिस्टर मागून घेतलं. बुधवारच्या दोन्ही आकड्यांवर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, सर्दी होती, वास आला नव्हता, अंदाजाने सांगितलं. खाली सही केली, तारीख घातली.

मामा चिडले. म्हणाले, "पोरी, नोंद खरी निघाली ना? मग हे कशाला?"

"नोंद खरी निघाली मामा," बाई म्हणाल्या, "मी खोटी होते. उद्या माझ्या जागी बसणारी पण कानानेच वास घेईल."

युनियनवाल्यांनी नंतर डोक्याला हात लावला. नाकारा म्हणाले, रेघ दुसऱ्या कोणी मारली म्हणा, आम्ही लढतो. बाई म्हणाल्या, लढायचं तर सर्दी झाल्यावर न घाबरता रजा मिळावी म्हणून लढा. त्यावर युनियन लढली आणि ते मिळालंही, पण बाईंना त्याचा उपयोग नव्हता. चौकशी अर्ध्या तासात आटपली. वसाहत वाचवल्याबद्दल मोठ्या साहेबांनी तोंडभर कौतुक केलं आणि खोट्या सहीबद्दल त्यांना पेटीवरून काढलं. दोन्ही एकाच कागदावर, एकाखाली एक. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, बरोबर आहे.

संध्याकाळी बाजारातून येताना नवरा एक साबण घेऊन आला, गुलाबी कागदातला. बाईंनी तो कागदासकट कपाटात टाकला. नवरा म्हणाला, अगं, आता चालेल की. त्या म्हणाल्या, चालेल, पण आज नको.

त्यांची बदली तक्रारीच्या खिडकीवर झाली. लाकडी काउंटर, जाळी, एक फिरती खुर्ची, मागे फाईलींचा ढीग. दर दुसऱ्या बुधवारी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. सकाळी उठून त्या सवयीने बिनसाबणाची अंघोळ करायच्या, आणि मग आठवायचं. पेटीवर दुसऱ्या कोणाला तरी बसवलं होतं आणि वर्षभरात मशीनही आलं. टाकी तर त्याआधीच मोडून भंगारात गेली होती. हौद बुजवून तिथे गाड्या उभ्या करायची जागा केली. बाई खिडकीतून तिकडे बघायच्या. जेवणाची वेळ आता घड्याळातच बघावी लागायची.

वसाहतीत मात्र मामांनी सांगितलं तसंच केलं. घरांचा गॅस आठ दिवस बंद राहिला, पाईप मात्र वाहता ठेवला. दोनशे घरांनी रॉकेलच्या स्टोव्हवर रांधलं आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडली. शेवटच्या इमारतीमागे उंच नळी उभी करून तिथे रात्रंदिवस गॅस जाळत होते, आणि गेटवर तिप्पट दर्प ओतत होते. सातव्या दिवशी पाईपचं पोट भरलं. नवव्या दिवशी घरोघर गॅस सोडला.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. बाई खिडकीवर बसल्या होत्या. टपालात एक जाड पाकीट होतं. चार पानी अर्ज, खाली एकसष्ट सह्या. वसाहतीतल्या रहिवाशांचं म्हणणं असं, की सुरुवातीला कंपनीने आम्हाला उत्तम, स्वच्छ, बिनवासाचा गॅस दिला. आता आठ दिवस बंद ठेवून त्याऐवजी हा सडका गॅस आमच्या गळ्यात मारला आहे. बटण फिरवताच नाकाला फडकं लावावं लागतं. बर्नरला जरा वारा लागून ज्योत विझली तरी पोरंटोरं ओरडत बाहेर पळतात. ही उघड फसवणूक आहे. तरी आमचा पहिला गॅस ताबडतोब परत करावा.

बाईंनी अर्ज सावकाश वाचला. पोरंटोरं ओरडत बाहेर पळतात, ही ओळ परत वाचली. मग आवक नंबर घातला, शिक्का मारला. फाईलीत लावायच्या आधी त्यांनी सह्यांवरून बोट फिरवलं. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात, सही धाकटीची होती.

दुपारच्या सुट्टीत त्यांनी तिला फोन लावला. धाकटी आधीच तापलेली होती. म्हणाली, "तू बहीण असशील तुझ्या घरी, मी सोडणार नाही. काय घाण येते गं ताई, जिन्यापर्यंत येते."

"जिन्यापर्यंत येते का?" बाईंनी विचारलं. "नीट सांग. पहिल्या मजल्यापर्यंत, की थेट खालपर्यंत?"